उद्याच्या डब्याला काय?

मूल स्वयंपाकघरात लुडबुड करायला लागलं की मोठी माणसं साधारण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'जा बाहेर, चटका बसेल' म्हणून त्याला हुसकावतात, नाहीतर त्याची तोंडी परीक्षा घेतात. 'हे काय आहे?' 'वांगं.' 'रंग कोणता?' 'जांभळा.' 'शाब्बास!' या दुसऱ्या प्रकारात मुलाशी बोलणं होतं खरं, पण त्याच्या वाट्याला एकेक शब्दच येतो. उत्तर विचारणाऱ्याला आधीपासून माहीत असतं आणि हे मुलालाही कळत असतं. भाषा वापरण्याची खरी गरज दोघांपैकी कुणालाच नसते.

त्याच मुलाला एकदा सांगून पाहा, 'उद्या तुझ्या डब्याला काय द्यायचं ते तू ठरव. फक्त घरात जे आहे त्यातूनच.' मूल फ्रीज उघडेल, कांद्या-बटाट्याची टोपली धुंडाळेल, प्रश्न विचारेल, हट्ट धरेल आणि शेवटी पटवून द्यायला लागेल. 'बटाट्याची भाजी दे, माझ्या मैत्रिणीलाही आवडते. पण कोरडी दे, परवा रस्सा दप्तरात सांडला होता.' एवढ्याशा बोलण्यात कारण आहे, अट आहे, मागच्या अनुभवाचा दाखला आहे आणि दुसऱ्या माणसाचा विचारही आहे. स्वयंपाकातून मुलांची भाषा घडते ती अशी. मुलाच्या हाती खरं काम आणि खरा निर्णय सोपवला की शब्द त्याच्या गरजेचे होतात, आणि गरजेचे झालेले शब्द टिकतात.

क्रियापदांचं घर

भिंतीवरच्या तक्त्यांत आणि चित्रांच्या पुस्तकांत नामांची गर्दी असते, कारण चित्र काढायला नाम सोपं. सफरचंद काढता येतं, कढई काढता येते. 'परतणं' आणि 'भाजणं' यांतला फरक मात्र तक्त्यावर दाखवता येत नाही. तो शेगडीपाशी उभं राहून, वास घेत, आवाज ऐकतच कळतो.

मराठी स्वयंपाकघरात क्रियापदं किती आहेत ते बघा. पालेभाजी निवडायची, लसूण सोलायचा आणि ठेचायचा, ओला नारळ खवायचा पण सुकं खोबरं किसायचं. दाणे भाजायचे आणि कुटायचे, डाळ भिजवायची आणि वाटायची. पीठ चाळायचं, मळायचं. पोळी लाटायची, भाकरी थापायची. दूध तापवायचं, बासुंदीसाठी आटवायचं, दह्यासाठी विरजायचं. दही घुसळायचं, लोणी कढवायचं. हाताच्या प्रत्येक हालचालीला वेगळं क्रियापद आहे आणि ते कोणत्या पदार्थाबरोबर जातं हेही ठरलेलं आहे. चार वर्षांचं मूल आजीशेजारी बसून मटार सोलत असेल, तर या जोड्या त्याच्या कानात आपोआप बसतात.

शिवाय इथे आपण करतो त्या गोष्टी आणि आपोआप होतात त्या गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. आपण दूध तापवतो, दूध तापतं. आपण लक्ष दिलं नाही तर ते उतू जातं. आपण भात शिजवतो, भात शिजतो, कधी करपतो. मोहरी तडतडते, पुरी फुगते, लोणचं मुरतं, तूप थिजतं, पिठलं खाली लागतं. कर्ता कोण आणि घडलं काय हा व्याकरणातला भेद मूल रोज डोळ्यांनी पाहत असतं.

मराठीतलं आणखी एक अवघड वळण इथेच सरावाचं होतं. 'मी भात खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळं खाल्लं'. खाणारा एकच, पण क्रियापद बदलतं ते खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे. लहान मुलं इथे अडखळतात, आणि परभाषेच्या वातावरणात वाढणारी मराठी मुलं तर फारच. मूल 'मी पोळी खाल्लं' म्हणालं, तर 'चूक, खाल्ली म्हण' असं दटावण्याची गरज नाही. 'अरे वा, पोळी खाल्लीस? आणि भाजी खाल्लीस का?' असं सहज विचारलं की बरोबर रूप दोनदा त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत.

चवींचंही तसंच. 'छान' आणि 'घाण' या दोन शब्दांवर अनेक मुलांचं जेवण उरकतं. तक्रारीला मज्जाव करण्यापेक्षा नेमकी तक्रार मागावी. भेंडी आवडली नाही म्हणजे काय? बुळबुळीत झाली, आळणी झाली की तिखट लागली? बुळबुळीत असेल तर पुढच्या वेळी चिरण्याआधी कोरडी पुसू, कुरकुरीत करू. नेमकं बोललं की पुढचं जेवण बदलतं हे मुलाला कळलं, की खुसखुशीत, लुसलुशीत, मिळमिळीत, पचपचीत, खमंग, तुरट, आंबूस हे शब्द त्याच्या तोंडी आपसूक येतात.

पोह्यांची एक सकाळ

आता एक पदार्थ जवळून पाहू. रविवारी सकाळी कांदेपोहे करायचे आहेत आणि सात वर्षांची मुलगी ओट्याशी स्टुलावर उभी आहे. आई सांगते, 'जाडे पोहे चाळणीत घे, नळाखाली भिजव आणि पाणी निथळू दे. एक पोहा बोटांनी दाबून बघ. मऊ झाला असेल तर पुरे, नाहीतर आणखी थोडं पाणी शिंपड.' मग गॅसपाशी आई स्वतः उभी राहते आणि बोलत राहते. 'मोहरी तडतडली की मिरची. मग कांदा. कांदा मऊ होईपर्यंत परतायचा. हळद पोह्यांच्या आधी, म्हणजे रंग सगळीकडे सारखा लागतो.'

या सूचनांतले छोटे शब्द पाहा : 'की', 'मग', 'पर्यंत', 'आधी', 'नाहीतर', 'म्हणजे'. मोठ्या वाक्यांचे सांधे हेच. दोन घटनांचा क्रम, एकीवर दुसरी कशी अवलंबून आहे, कशामुळे काय होतं, हे सगळं याच शब्दांनी सांगितलं जातं. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात 'पाणी उकळेपर्यंत तापवा' असं वाक्य येतं किंवा गणितात शाब्दिक उदाहरण येतं, तेव्हा अडतं ते बहुतेकदा या सांध्यांशी.

पुढच्या रविवारी भूमिका बदलाव्यात. मुलीनं सांगायचं आणि बाबानं सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःहून काही नाही. मुलगी म्हणते, 'पोहे कढईत घाल.' बाबा कोरड्या पोह्यांचा डबा कढईकडे नेतो. 'थांब, थांब! आधी भिजव!' 'किती भिजवू?' 'मऊ होईपर्यंत.' 'मऊ झाले हे मला कसं कळेल?' 'बोटानं दाबून बघ ना.' आपल्या डोक्यात असलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोक्यात नसते, ती शब्दांनी तिथे पोचवावी लागते, हा धडा इथे मिळतो. निबंध लिहिताना, पत्र लिहिताना, कुणाला पत्ता सांगताना लागणारी शिस्त हीच. विस्तव मोठ्यांच्या हाती आणि शब्द मुलांच्या हाती, अशी ही सुरक्षित वाटणीही आहे.

काम करताना मुलं स्वतःशी पुटपुटतात तेही ऐकण्यासारखं असतं. 'आता मीठ... मीठ टाकलं... आता लिंबू.' रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी या स्वगताकडे फार गांभीर्यानं पाहिलं. विचार आणि भाषा यांच्या नात्यावरचा त्यांचा ग्रंथ 1934 साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. मूल असं मोठ्यानं बोलून स्वतःच्या कामाला वळण लावतं, काम अवघड झालं की हे बोलणं वाढतं आणि हळूहळू तेच आत जाऊन मूक विचार बनतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा कणीक मळताना मूल बडबडत असेल तर त्याला गप्प करू नये. त्या वेळी ते मोठ्यानं विचार करत असतं.

आठवड्याचा तक्ता

हातांच्या कामातून क्रियापदं आणि क्रम मिळतो. बेत ठरवण्यातून त्याच्याही पुढची भाषा मिळते, कारण बेत म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टींविषयी बोलणं. समोर पदार्थ नाही, बोट दाखवायला काही नाही. सगळं शब्दांनीच उभं करायचं.

रविवारी संध्याकाळी एका कागदावर सात चौकोन आखावेत. नियम दोनतीनच ठेवावेत : आठवड्यात दोनदा कडधान्य, दोनदा पालेभाजी, एक दिवस प्रत्येकाच्या आवडीचा. मूल म्हणेल, 'रोज पावभाजी.' त्यावर 'नाही' म्हणून विषय मिटवण्यापेक्षा विचारावं, 'शुक्रवारी ठेवू या का? गुरुवारी बाजार असतो, टोमॅटो ताजे मिळतील. मग बुधवारी काय?' आता घासाघीस सुरू होते, आणि घासाघीस करायला भाषा लागते.

बुधवारी मटकीची उसळ ठरली, तर उलटं मोजत यावं लागतं. बुधवारी सकाळी मोड हवेत, म्हणजे मंगळवारी सकाळी मटकी उपसून फडक्यात बांधायला हवी, म्हणजे सोमवारी रात्रीच भिजत घालायला हवी. इडली हवी असेल तर तांदूळ आणि उडीदडाळ कधी भिजवायची? दही हवं तर विरजण कधी लावायचं? काल, उद्या, परवा, आदल्या दिवशी, दोन दिवस आधी हे शब्द लहान मुलांना बराच काळ गोंधळात टाकतात. मटकीला मोड येताना पाहिले की त्यांचा अर्थ पक्का होतो. सोमवारी विसरलं तर बुधवारी उसळ नाही. असा अनुभव वर्गातल्या सरावानं मिळत नाही.

बेतात दुसऱ्यांचा विचार येतोच. गुरुवारी संकष्टी आहे, आजीचा उपास आहे, मग तिच्यासाठी साबुदाणा रात्रीच भिजवायचा. आजोबांना भाकरी चावत नाही, ती दुधात कुस्करून द्यावी लागेल. पाहुणे कांदा-लसूण खात नाहीत. श्रावणात आपल्याकडे काय चालतं आणि काय नाही? एखादा पदार्थ आपल्याला आवडतो म्हणून सगळ्यांना चालेल असं नाही, हे समजणं आणि 'त्यांना चालेल का ते विचारू या' असं म्हणता येणं, ही भाषेतली आणि स्वभावातलीही मोठी झेप आहे.

यादी, बरणी आणि वही

वाचनाविषयीचं एक साधं आणि फार उपयोगी सूत्र फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 साली मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. मध्ये गुणाकार आहे, म्हणून दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. भाषेची बाजू गप्पांतून भक्कम होते हे आपण पाहिलं. अक्षरांच्या बाजूलाही स्वयंपाकघर भरपूर देतं.

मांडणीवरचे डबे पाहा. मध या शब्दात काना-मात्रा काहीच नाही. साखरेत काना, हिंगात पहिली वेलांटी, मिठात (म्हणजे डब्यावरच्या 'मीठ' या शब्दात) दुसरी वेलांटी, मुगडाळीत पहिला उकार, गूळ लिहिताना दुसरा उकार, तेलाला एक मात्रा, मैद्याला दोन, पोह्यांना काना-मात्रा. 'पौष्टिक लाडू' असा एक डबा ठेवला की जवळजवळ सगळी बाराखडी हाताशी आली. मुलानं स्वतः चिठ्ठ्या लिहून डब्यांवर चिकटवाव्यात. 'मिठाचा डबा दे' म्हटल्यावर त्याला तो वाचून शोधावा लागतो, आणि साखरेऐवजी मीठ दिलं तर चूक चहाच सांगतो.

किराण्याची यादी हे बहुतेक मुलांचं पहिलं उपयोगाचं लेखन ठरू शकतं. पहिलीतल्या मुलानं 'शेगदाने, कोथीबिर, मीरची' असं लिहिलं तरी तीच यादी घेऊन दुकानात जावं. दुकानदारानं ती वाचून सामान दिलं, म्हणजे लेखन पोचलं. घरी आल्यावर शेंगदाण्याचं पाकीट आणि यादी शेजारी ठेवली की अनुस्वार कुठे राहिला आणि 'ण' कुठे हवा हे मूल स्वतःच शोधतं. लाल शाईची गरज पडत नाही.

जरा मोठ्या मुलांसाठी पाककृतींची वही. आजीला फोन करून तिच्या हातच्या आमटीची कृती विचारायची आणि लिहून घ्यायची. आजी म्हणते, 'चिंच लिंबाएवढी, गूळ अंदाजानं, मीठ चवीपुरतं.' मग प्रश्न सुरू होतात. केवढं लिंबू? अंदाज म्हणजे किती? मूठभर म्हणजे कुणाची मूठ, तुझी की माझी? बोललेलं लिहिलेल्यात आणताना काय काय स्पष्ट करावं लागतं हे मुलाला इथे उमगतं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि घरोघरी पोचलं, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा मोठा वाटा आहे. नवखी माणसंही वाचून स्वयंपाक करू शकली. मुलानं आजीच्या अंदाजाचं वाटी-चमच्यात रूपांतर केलं, तर तेही माहितीपर लेखनच आहे.

ताटावरच्या गप्पा

अमेरिकेत कॅथरीन स्नो, डेव्हिड डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतली मुलं अनेक वर्षं अभ्यासली. घरोघरी जेवतानाची बोलणी ध्वनिमुद्रित केली. त्यांना दिसलं की जेवणाच्या गप्पांत, विशेषतः दिवसभरातले प्रसंग सांगताना आणि एखादी गोष्ट समजावून सांगताना, रोजच्या वापरापलीकडचे शब्द येतात. असे शब्द ज्यांच्या कानावर अधिक पडले त्या मुलांचा शब्दसाठा पुढेही मोठा राहिला. यासाठी महागडी खेळणी लागली नव्हती. मोठी माणसं एकत्र बसून जेवली आणि मुलांना गप्पांत सामील करून घेतलं, एवढंच.

आपल्याकडे टीव्ही आणि मोबाइल ताटाशेजारी येऊन बसल्यापासून ही वेळ आक्रसली आहे. रोज शक्य नसेल तर दिवसातलं एक जेवण तरी पडद्याशिवाय व्हावं. 'आज शाळेत काय झालं?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा आपणच आधी काही सांगावं. 'आज मंडईत मेथी केवढ्याला होती माहितीये? पावसानं सगळी भाजी महाग झालीये.' 'पावसानं कशी महाग होईल? पावसानं तर जास्त उगवेल ना?' या प्रश्नातून शेत, वाहतूक, नासाडी, भाव हे सगळे विषय ताटावर येतात.

कोणत्या वयाला काय

तीन-चार वर्षांच्या मुलांना मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, पिठाची गोळी करणं, पानं मांडणं जमतं. त्यांच्यासोबत आपण हातातलं काम बोलत राहावं. पाच-सहाव्या वर्षी दोनतीन पायऱ्यांची सूचना देता येते आणि 'आपण आधी काय केलं होतं?' असं विचारता येतं. सात-आठ वर्षांची मुलं लिंबू सरबत, कोशिंबीर, भेळ हे विस्तवाशिवायचे पदार्थ स्वतः करतात, यादी लिहितात, कृती वाचतात. दहाच्या पुढची मुलं ठरावीक पैशांत रविवारचा बेत आखून, हिशेब ठेवून, तो घरच्यांना समजावून सांगू शकतात. सुरी, कुकर आणि उकळतं तेल यांपाशी मात्र मोठं माणूस हवंच.

हे सगळं मुलग्यांनाही तेवढंच लागू आहे. 'तू कशाला, ताई करेल' असं म्हणून मुलाला ओट्यापासून दूर ठेवलं, तर स्वयंपाकाबरोबर एवढ्या मोठ्या भाषाव्यवहारालाही तो मुकतो.

घराबाहेरचं स्वयंपाकघर

रोजच्या कामातून शिकणं ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत जुनीच आहे. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली, आणि सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, शेती, सफाई आणि स्वयंपाक हे शिक्षणाचाच भाग होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलाच्या आजूबाजूला जे आहे त्यातच शिक्षणाचं साहित्य आहे, ही त्यांची शिकवण स्वयंपाकघराला चपखल लागू पडते.

आजच्या शाळांनाही हे जमण्यासारखं आहे. अनेक शाळांच्या भिंतीवर पोषण आहाराचा आठवड्याचा तक्ता लिहिलेला असतो. तो मुलांनी रोज वाचावा, आज खिचडीत काय होतं ते लिहावं, खिचडी शिजवणाऱ्या ताईंची मुलाखत घ्यावी. एवढ्या मुलांसाठी तांदूळ किती लागतात, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

वर्गात घराघरांची बोलीही येईल. कुणी पोळी म्हणेल, कुणी चपाती. कुणाकडे पिठलं, कुणाकडे झुणका. कुणाच्या ताटात आमटी, कुणाच्या कोरड्यास. शिक्षकांनी यातलं एक बरोबर ठरवून बाकीचे खोडू नयेत. घरचा शब्द चुकीचा ठरला की मूल पुढचं बोलायचंच थांबतं. 'तुझ्या घरी कसं करतात ते सांग' म्हटलं, तर तेच मूल सलग पाच मिनिटं बोलतं. परदेशातल्या मराठी घरांतही मूल इतर सगळ्या विषयांवर इंग्रजीत उत्तर देत असलं, तरी स्वयंपाकघर मराठीत चालू ठेवता येतं, कारण फोडणी, पिठलं आणि थालीपीठ यांच्याविषयी बोलायला मराठीच सोयीची पडते.

एक पथ्य पाळायला हवं. स्वयंपाकघराचा वर्ग करायचा नाही. प्रत्येक पोळीमागे नवा शब्द आणि प्रत्येक भाजीमागे प्रश्न सुरू झाले, की मूल ओट्यापासून दूर पळेल, आणि बरोबर करेल. आधी काम खरं असू द्यावं, जेवण खरं असू द्यावं आणि मुलानं ठरवलेला बेत खरोखर शिजू द्यावा, मग तो थोडा बिघडला तरी चालेल. सुरुवात करायला काहीच विकत आणावं लागत नाही. आज रात्री भांडी आवरताना मुलाला उद्याच्या डब्याचं विचारा आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.